आसनसोलला उतरलेली आई

बडोदे

मे महिन्यात दिल्लीला आणि कोलकात्याला कोणी फिरायला जाऊ नये. मी मात्र मुद्दाम मे महिनाच निवडला, आणि त्यामागे माझा डाव होता.

माझी मुलगी रेवा बारावी झाली. प्रवेश परीक्षाही देऊन झाल्या. संख्याशास्त्र शिकायचं हे तिचं नक्की होतं. कुठे शिकायचं एवढंच ठरत नव्हतं. बडोद्यात राहिली तर स्कूटर काढून विद्यापीठात जाईल आणि दुपारी जेवायला घरी येईल. नाहीतर दिल्ली, नाहीतर कोलकाता. "आधी शहरं तर बघू, मग ठरवू," असं मी मोठ्या उदारपणे जाहीर केलं. मनात असं होतं की तिथलं ऊन, घाम, गर्दी आणि परक्या चवीचं जेवण अंगावर आलं की पोरगी आपणहून म्हणेल, आपलं बडोदंच बरं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. एकुलत्या एक मुलीला नको म्हटल्याचा दोष माझ्याकडे येणार नाही.

ह्या डावात एक मोठीच गफलत होती. बडोद्याच्या उन्हात सायकलवरून शिकवणीला जाऊन वाढलेली मुलगी दिल्लीच्या उन्हाला काय भीक घालणार?

मिलिंद, म्हणजे माझा नवरा, नंदेसरीच्या एका कारखान्यात आहे. मे महिन्यात त्यांच्या प्लँटचं शटडाऊन असतं, यंत्रं उघडून दुरुस्त करतात, त्यामुळे रजेचं नाव काढता येत नाही. तो म्हणाला, "तुम्ही दोघी जाऊन या. आणि तिला ठरवू दे."

"ठरवू दे ना. मी कुठे नको म्हणतेय?"

"तू म्हणत नाहीस, मीनल. तू करतेस."

मी त्याच्या डब्यात पोळ्या भरत होते, त्या जरा जोरातच भरल्या.

शेजारच्या जागृतीबेननी मात्र माझ्या मनातलं उघड बोलून दाखवलं. "एकली छोकरीने आटले दूर मोकलशो?" एकट्या मुलीला एवढ्या लांब पाठवणार? मी हसून म्हटलं, "अहो बेन, फक्त बघायला चाललोय." आणि आत येऊन थेपले लाटायला बसले. आमच्या घरचा प्रवासी डबा म्हणजे अर्धा गुजरात आणि अर्धा महाराष्ट्र असतो. थेपले आणि कैरीचा गोड छुंदा, त्याच्या शेजारी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. शिवाय बडोद्याबाहेर जाताना लीलो चेवडो, हा आमच्याकडचा बटाट्याचा ओलसर आंबटगोड चिवडा, न्यावाच लागतो. नाही नेला तर नातेवाईक बोलणं सोडतात. दिल्ली-कोलकात्यात आमचे कोणी नातेवाईक नाहीत, तरी नेला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माझे वडील रेल्वेत गार्ड होते. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. गार्डने हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही, हे मी बाराखडीच्या आधी शिकले. त्यामुळे गाडी कुठेही थांबली की खाली उतरायचं, पाय मोकळे करायचे, चहा घ्यायचा, शेवटच्या डब्याकडे नजर ठेवायची, आणि झेंडी हलली की सावकाश चढायचं, ही आमच्या घरची ऐट. बाकीचे प्रवासी खिडकीतून घाबरून बघायचे आणि आम्ही भावंडं फलाटावर राजासारखी फिरायचो. बाबांचा नियम एकच होता. चालत्या गाडीत चढायचं नाही. सुटली तर सुटली. ते का, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. नोकरीत बरंच काही पाहिलं असणार.

दिल्ली

रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी दिल्लीत उतरलो. उतरल्या उतरल्या माझं वय वाढलं. बडोद्यात मी सगळ्यांची बेन आहे. भाजीवाला मीनलबेन म्हणतो, शिकवणीची मुलं मीनलबेन म्हणतात, सत्तरीचे काकाही मीनलबेनच म्हणतात. इथे रिक्षावाल्यापासून मेट्रोतल्या दाढीवाल्या बाप्यापर्यंत सगळ्यांची मी आंटी झाले. रेवाला फार मजा वाटली. दिवसभर ती मला "आंटी, चलो" म्हणत होती.

दिल्ली सुंदर आहे, हे मला कबूल करावं लागलं. जुन्या मकबऱ्यांच्या बागांमधून संध्याकाळी माणसं चटया अंथरून बसतात, घरचं खातात, लहान पोरं राजेरजवाड्यांच्या थडग्यांभोवती लपाछपी खेळतात. आम्हीही एका झाडाखाली बसून थेपले काढले. शेजारच्या पंजाबी कुटुंबाने एक मागून घेतला, छुंदा बोटाने चाटला, आणि आमच्या पानावर न विचारता राजमा वाढला. छोले-भटुऱ्याच्या दुकानात मला अर्धा भटुरा संपेना. रेवाने दोन खाल्ले आणि वर ताक मागितलं. तिथे ताक नव्हतं, लस्सी होती, ती पातेल्याएवढ्या ग्लासात आली.

पण मी तिथे नीट प्रवासी नव्हतेच. मी पहारेकरी होते. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर मी रेवाचा हात धरून ठेवला. ती फोनवर रस्ता बघून सांगायची, डावीकडे, आणि मी तरीही एखाद्या दुकानदाराला विचारायची, डावीकडेच ना? कॉलेज बघायला गेलो तेव्हा फाटकावरच्या रखवालदाराला मी विचारलं, इथे उन्हाळ्यात पाणी येतं का? मुली आजारी पडतात का? तो बिचारा म्हणाला, "आंटीजी, पड़ती भी हैं, ठीक भी हो जाती हैं."

रेवा त्या आवारात बराच वेळ फिरली. कडुलिंबाच्या झाडांखाली मुलं-मुली वाद घालत बसली होती. ती एका घोळक्याजवळ थोडी रेंगाळली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ठीक आहे. जरा मोठंच आहे, नाही?"

मला आनंद लपवता येईना. रात्री मिलिंदला फोन केला, "दिल्ली बाद."

तो म्हणाला, "कोणी केली?"

आसनसोल

कोलकात्याच्या गाडीत समोर एक बंगाली जोडपं होतं, घोष नावाचं. काकू रात्रभर पंख्याशी भांडत होत्या आणि काका आमचा चेवडा खात होते. सकाळी जाग आली तेव्हा बाहेरची जमीन बदललेली होती. लाल माती, मध्येच कोळशाचा काळा ढिगारा, आणि जिथे पाणी दिसेल तिथे बदकं. आसनसोल आलं. काका म्हणाले, इथे मातीच्या भांड्यातला चहा चांगला मिळतो.

माझा फोन चार्जिंगला लावलेला होता, पर्स उशीखाली होती. मी चपला सरकवल्या.

"आई, नको उतरूस. ॲप दाखवतंय, थोडाच वेळ थांबते."

"गार्डची मुलगी आहे मी. झेंडीशिवाय गाडी जात नाही."

"आई, शांती राख ने! चहा आत पण येईल."

मी उतरले. सुट्टे पैसे पदराच्या गाठीत होते, तेवढ्यात दोन चहा आले. दोन्ही हातांत दोन भांडी घेऊन मी आमच्या घरच्या पद्धतीने शेवटच्या डब्याकडे तोंड करून उभी राहिले. पार्सलच्या गाठोड्यांचा मोठा ढीग मध्ये होता. झेंडी दिसेना, म्हणजे हलली नसणार, असं मी धरून चालले. हल्ली गार्ड आणि ड्रायव्हर वॉकीटॉकीवर बोलतात, हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि हाडात मुरलेलं वेगळं. पूर्वी निघताना गाडीला हिसका तरी बसायचा, तो आवाज ऐकू यायचा. ही गाडी आवाज न करता सरकली. मी वळून बघितलं तेव्हा आमचा डबा माझ्यापुढून निघाला होता आणि रेवा दारात उभी होती.

मी धावले. चहा हातात तसाच. चटके बसत होते, पण भांडी टाकून द्यावीत हेसुद्धा सुचलं नाही. मागून आलेल्या डब्याच्या दारातून एका माणसाने हात पुढे केला, "आइए, आइए, पकड़िए!" मी एक भांडं टाकलं आणि हात वर केला.

"आई! चढू नकोस!"

हा आवाज मी रेवाचा कधी ऐकलेला नव्हता. शिकवणीत सगळा वर्ग एकदम गप्प करायला मी जो आवाज काढते, तो होता तो. "चढू नकोस! तिथेच थांब! मी हावड्याला थांबते!"

मी थांबले. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण ती दारातल्या दांड्याला घट्ट धरून उभी होती आणि एक हात आडवा करून मला मागे राहायला सांगत होती. डबे एकामागून एक गेले. अगदी शेवटी गार्डचा डबा आला आणि त्यातल्या तरुण गार्डने माझ्याकडे चिंतेने बघितलं. त्याच्या हातात झेंडी होती. हिरवी.

मग फलाट रिकामा झाला. मी एका बाकावर बसले. फोन नाही, पर्स नाही, हातात एक चहा. बायको, आई, मीनलबेन, जे काही मी आहे ते सगळं त्या गाडीतून पुढे गेलं होतं. आणि एक लाजिरवाणी गोष्ट सांगते. रेवाचं कसं होईल, हा विचार मला आलाच नाही. माझं कसं होईल, हाच आला.

रेल्वे पोलिसातली एक मुलगी माझ्याकडे आली. सुनीता नाव तिचं, झारखंडच्या कुठल्याशा गावची. सगळं ऐकून तिने विचारलं, "बेटी छोटी है?"

"अठारह की."

"फिर रो क्यों रही हैं? वो तो ट्रेन में है. छूटी तो आप हैं."

तिने फोन पुढे केला, बेटीचा नंबर सांगा म्हणाली. आणि मला रेवाचा नंबर आठवेना. मिलिंदचाही नाही. गणित शिकवणारी बाई मी, सूत्रं झोपेत म्हणून दाखवीन, पण माणसांचे नंबर फोनच्या पोटात असतात. पाठ होता तो फक्त माझा स्वतःचा. शेवटी तोच लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"बोल आई."

"तुला कसं कळलं मीच असेन?"

"तुला दुसरा कुठला नंबर येतो?" तिला धाप लागली होती. मग म्हणाली, "टीसीला सांगितलंय. सामान माझ्याजवळ आहे. हावड्याला मोठ्या घड्याळाखाली बसते. तू मागच्या गाडीने ये. आणि आई, काही खा."

सुनीताने माझं तिकीट काढून दिलं. रेवाने सुनीताच्या फोनवर पैसे पाठवले. तो उरलेला चहा सुनीताला दिला तर तिने तोंड वाकडं केलं, "ठंडा हो गया, दीदी," आणि स्वतः जाऊन दोन गरम आणले. तिची आईही गावाहून निघाली की प्रत्येक स्टेशनवरून फोन करते म्हणे. "मेरे लिए नहीं करती. अपने लिए करती है," ती म्हणाली. गाडी आली तेव्हा तिने मला बायकांच्या डब्यात बसवून दिलं आणि दाराशी उभी राहून दरडावलं, "अब कहीं उतरना मत!"

आणि आता जे सांगणार आहे त्याचं मलाच नवल वाटतं. त्या डब्यात मला मजा आली. रोज कामाला जाणाऱ्या बायका होत्या, तांदळाचं पोतं घेऊन निघालेली एक म्हातारी होती. मला बंगाली येत नाही, त्यांना माझं हिंदी अर्धंमुर्धं कळत होतं. माझी फजिती हातवारे करून सांगितली तर सगळा डबा हसला. मला "दीदी" म्हणाल्या, म्हणजे दिल्लीत वाढलेलं वय थोडं उतरलं. त्यांनी मला मोहरीच्या तेलात कालवलेली झालमुडी दिली. आमच्या सेव-ममऱ्याची ती तिखट मामेबहीण म्हणायची. तेलाचा झणका नाकात गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं. त्या पुन्हा हसल्या. खिडकीबाहेर भाताची खाचरं सरकत होती. किती वर्षांनी मी एकटीने प्रवास करत होते, हे मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

कोलकाता

रेवा घड्याळाखाली बॅगांवर बसली होती. मला बघून उठली. मी हात पसरले आणि तिने मला झापायला सुरुवात केली.

"सांगितलं होतं ना नको उतरूस? ऐकायचं नाहीच का कोणाचं? घोषकाका साखळी ओढायला निघाले होते, मी त्यांना थांबवलं. म्हटलं, येईल माझी आई मागून. आणि तू चालत्या गाडीत चढत होतीस! तू!"

एक एक शब्द माझाच होता, नववीतल्या मुलांना झापतानाचा. मी खाली मान घालून ऐकून घेतलं. मग ती रडायला लागली आणि मीही. येणारीजाणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती.

स्टेशनसमोरच हुगळीचा घाट आहे. तिथून होडी, म्हणजे मोठी फेरीबोट, पलीकडे नेते. पुलावरच्या वाहनांपेक्षा ती बरी. वारा सुटला होता. पाणी आमच्या विश्वामित्रीसारखंच मातकट, पण केवढं! आमच्या नदीत मगरी जास्त आणि पाणी कमी. रेवा कठड्याला टेकून उभी होती.

"दिल्ली मला आवडली होती," ती म्हणाली.

"मग तेव्हा तसं का नाही म्हणालीस?"

"दोन दिवस तू माझा हात सोडला नाहीस. मला वाटलं, ही राहील कशी माझ्याशिवाय? बाबा शिफ्टला जातात. रात्री तू एकटी. मी ठरवलं होतं, कोलकाता बघायचं, छान छान म्हणायचं, आणि घरी येऊन सांगायचं, बडोद्यातच शिकते."

मी तिला घरी ठेवायला निघाले होते, आणि ती माझ्यासाठी घरी राहायला तयार झाली होती. डाव मी जिंकला होता. जिंकलेला डाव एवढा वाईट दिसतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मुलगी उन्हाला भ्यायली नव्हती, गर्दीला भ्यायली नव्हती. तिला माझीच काळजी होती.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता माहीत नाही," ती म्हणाली. "तू आलीस ती तर हसत आलीस. कपाळाला मुरमुरा चिकटलाय तुझ्या."

दुसऱ्या दिवशी पोटभर भटकलो. ट्रामचं नुसतं दर्शन झालं, बसायला मिळालं नाही. एका गल्लीत दुपारच्या जेवणाला मासे तळले जात होते. घरोघरी, खिडक्या सताड उघड्या. आमच्या कारेलीबागेच्या सोसायटीत सगळे शाकाहारी. रविवारी मटण शिजवायचं तर आम्ही स्वयंपाकघराची खिडकी लावतो, एक्झॉस्ट बंद करतो, वर उदबत्ती लावतो. जागृतीबेनना सगळं माहीत आहे आणि त्यांनी कधी अवाक्षर काढलेलं नाही, हा आमचा शेजारधर्म. इथे तो वास रस्त्यावर मोकळा फिरत होता. एका साध्या खानावळीत आम्ही मोहरीतला मासा मागवला. मी काट्यांना घाबरून घासागणिक थांबत होते. रेवाने शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा हात बघितला आणि तशीच बोटांनी काटे वेगळे करत जेवली. तिच्या पानातले काटे काढून द्यायला मी हात पुढे केला होता. तो माझ्याच पानात परत आणला.

रेवाला बघायची होती ती संख्याशास्त्राची संस्था शहराच्या उत्तरेला आहे. आंब्याची जुनी झाडं, एक तळं, जिन्यांना हिरवं शेवाळ. दमट हवेने अंगातले कपडे पिळून काढावेत असे झाले होते. मी काहीही बोलले नाही. पाण्याबद्दल नाही, डासांबद्दल नाही. रेवा एका रिकाम्या वर्गातल्या फळ्यासमोर थांबली. कोणीतरी अर्धं सोडलेलं उदाहरण होतं. ती बघत राहिली, मग खडूचा तुकडा उचलून तिने पुढची एक ओळ लिहिली, आणि पुसून टाकली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. पाचवीत असताना पहिल्यांदा एक अवघड कोडं तिला माझ्या मदतीशिवाय सुटलं, तेव्हा ते दिसलं होतं.

मुलींच्या वसतिगृहात एक वयस्क बाई देखरेखीला होत्या. त्यांनी खोली दाखवली. दोन खाटा, एक खिडकी, खिडकीत फणसाचं झाड. रेवा खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे वळली. मी 'ठीक आहे, जरा लहानच आहे' असं म्हणेन ह्याची वाट बघत असावी. मला तेच म्हणायचं होतं. तिला हाताला धरून थेट स्टेशनवर न्यावंसं वाटत होतं. खोटं कशाला सांगू, आजही वाटतं.

बाईंनी विचारलं, "और कुछ पूछना है आपको?"

"हां," मी म्हटलं. "यहां जाड़े में ठंड कितनी पड़ती है?"

"दिसंबर-जनवरी में पड़ता है. कंबल नहीं, रजाई लगेगा."

"मी पाठवीन," मी मराठीत म्हटलं. त्यांना ते कळलं नाही. रेवाला कळलं. तिने ओढणीचं टोक तोंडात धरलं आणि फणसाच्या झाडाकडे तोंड फिरवलं.